सिंहमाशाचे कालवण

मी सात-आठ वर्षांचा असेन. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली की मोठ्यांनी टाकून दिलेली चिल्लर मासळी वेचायची आम्हा मुलांना मुभा असे. अशाच एका सकाळी मी शिंगाळ्याच्या पिलाला हात घातला आणि त्याचा काटा माझ्या अंगठ्यात शिरला. ज्याला तो काटा कधी लागला आहे त्याला त्या कळेचे वर्णन करून सांगायला नको. मी बोंबलत घरी आलो. आजीने ना बाटली शोधली, ना कुणाला डॉक्टरकडे पिटाळले. चुलीवरचे पाणी तिने घमेल्यात ओतले, स्वतःचे बोट बुडवून अंदाज घेतला आणि माझा हात धरून आत दाबला. "काढू नको हां, झिला. पानी थंड झाला की परत गरम घालतंय." अर्ध्या-पाऊण तासाने कळ उतरली. आजीला हे कुणी शिकवले होते, कुणास ठाऊक.

त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात मी तंबूखाली लावलेला एक फलक वाचत उभा होतो. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झाले होते, मुलीकडे राहायला गेलो होतो, आणि जावयाने रविवारी 'तुम्हाला आवडेल असे काहीतरी' दाखवायला आणले होते. फलकावर लिहिले होते : काटा लागल्यास जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास धरावी. खाली कारणही दिले होते. या माशाचे विष हे प्रथिन असते आणि उष्णतेने ते मोडते. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. आजीची आठवण अशी सातासमुद्रापलीकडे, मीठपाण्याच्या वासात येईल असे वाटले नव्हते.

तंबूत चालली होती सिंहमाशांच्या शिकारीची स्पर्धा. पाणबुडे होड्यांतून येत होते आणि बर्फाच्या पेट्यांतून मासे टेबलावर ओतत होते. कुणी सर्वांत जास्त मासे मारले, कुणाचा मासा सर्वांत मोठा, आणि गंमत म्हणजे कुणाचा सर्वांत लहान, अशी तीन वेगवेगळी बक्षिसे होती. आमच्याकडे लहान मासा आणणाऱ्याला रापणकरांनी शिव्या घातल्या असत्या. इथे बोटाएवढे पिलू आणणाऱ्याचा फोटो काढत होते! जाड हातमोजे घातलेल्या बायका-पुरुष मोठ्या कात्रीने काटे छाटत होते, कुणी लांबी मोजत होते, कुणी पोट फाडून आत काय सापडते ते लिहून घेत होते आणि शेवटच्या टेबलावर एक आचारी तुकडे तळून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट वाटत होता. रांगेत लहान मुले होती, म्हातारे होते. जत्रेचाच मामला. पण ही जत्रा एका जिवाला संपवण्यासाठी भरलेली होती आणि तेथे आलेला प्रत्येकजण आपण पुण्यकर्म करीत आहोत अशा चेहऱ्याने तो तुकडा तोंडात टाकत होता.

मीही टाकला. पांढरेशुभ्र, घट्ट, वास नसलेले मांस. आपल्या तांबोशीच्या जवळ जाणारे. मीठ कमी होते, एवढीच तक्रार.

हा सिंहमासा मूळचा आपल्याकडचा. म्हणजे हिंदी महासागर आणि पॅसिफिक महासागर यांतला. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पसरलेले पर, पाठीवर झुलपांसारखे उभे काटे. पाठीवर १३, पोटाखाली ५, असे १८ विषारी काटे तो मिरवतो. दिसायला इतका देखणा की जगभरच्या काचेच्या टाक्यांत त्याला मागणी आली. आणि तिथेच घोटाळा झाला. अटलांटिक महासागरात हा मासा नव्हताच. १९८५ साली फ्लोरिडातल्या डानिया बीचजवळ तो पहिल्यांदा सापडला. कुणीतरी हौसेने पाळलेला, मोठा झाल्यावर किंवा टाकीतले इतर मासे गिळू लागल्यावर जिवावर आलेला मासा बादलीतून समुद्रात सोडून दिला असावा. मारायला मन धजत नाही, म्हणून मांजराची पिल्ले बाजारात सोडून येणारे लोक आपण पाहतो ना, त्यातलाच प्रकार. १९९२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या अँड्र्यू चक्रीवादळात एक टाकी फुटली आणि त्यातून सहा मासे निसटले, अशीही कथा बरीच वर्षे सांगितली जात होती. कथा चांगली आहे, कादंबरीकार म्हणून मला ती सोडवत नाही. पण वादळाच्या सात वर्षे आधीच मासा सापडलेला होता, तेव्हा सगळा दोष वाऱ्यावर टाकता येत नाही. जनुकांच्या तपासणीत असे दिसते की अटलांटिकमधली ही सारी लाखोंची प्रजा अगदी थोड्या माद्यांपासून झालेली आहे.

पुढचा हिशेब मी बँकेतल्या सवयीने एका कागदावर मांडला होता. २००० च्या सुमाराला हे मासे उत्तर कॅरोलिनापर्यंत दिसू लागले. २००४ मध्ये बहामा बेटे, २००७ मध्ये क्यूबा, २००८ मध्ये जमैका आणि केमन, २०१० मध्ये मेक्सिकोचे आखात, २०१४ मध्ये थेट ब्राझील. मादी दर चार-पाच दिवसांनी अंडी घालते, वर्षाकाठी सुमारे २० लाख. अंड्यांचे चिकट गोळे पाण्यावर तरंगत प्रवाहाबरोबर जातात, पिले आणखी तीन-चार आठवडे वाहत राहतात आणि जिथे खडक मिळेल तिथे उतरतात. बहामात एका हेक्टरमध्ये ३९० हून अधिक सिंहमासे मोजले गेले. त्यांच्या स्वतःच्या मुलखात इतकी दाटी कुणी पाहिलेली नव्हती. चक्रवाढ व्याज म्हणजे काय हे मी हजारो खातेदारांना समजावून सांगितले असेल, पण ते इतके स्वच्छ मलाही तेव्हाच दिसले.

एवढे मासे वाढले तर बिघडले काय, असे आपल्याला वाटेल. मासेच तर आहेत. बिघडते ते त्यांच्या भुकेमुळे. सिंहमासा घाई करीत नाही. पर पसरून तो छोट्या माशांना हळूहळू खडकाच्या कोपऱ्यात रेटतो, कधी तोंडातून पाण्याची फुंकर मारतो, सावज वळून त्याच्याकडे तोंड करते आणि क्षणात गडप होते. त्याच्या मूळ समुद्रातले मासे असल्या सोंगाढोंगाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. कॅरिबियनच्या माशांना हे झुडूप म्हणजे शत्रू आहे हे ठाऊकच नव्हते. अर्ध्या तासात २० मासे खाताना एका सिंहमाशाला शास्त्रज्ञांनी पाहिले आहे. जेवल्यावर पोट तीसपट फुगू शकते. मार्क हिक्सन आणि मार्क अल्बिन्स या ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी बहामात लहान लहान खडक निवडून त्यांतल्या काहींवर एकेक सिंहमासा ठेवला आणि काही तसेच रिकामे राखले. पाच आठवड्यांनी पाहिले तर सिंहमासा असलेल्या खडकांवर नव्याने वस्तीला येणाऱ्या पिलांची संख्या ७९ टक्क्यांनी घटली होती. एका माशाने पाच आठवड्यांत! २००८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि कॅरिबियनमध्ये धावपळ सुरू झाली. पुढे स्टेफनी ग्रीन यांच्या पाहणीत, दोन वर्षांत खडकांवरच्या छोट्या माशांचे एकूण वजन ६५ टक्के कमी झाल्याचे आढळले.

प्रवाळांचा संबंध इथे येतो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. लहान लहान जिवांनी बांधलेली ती वसाहत असते. तिच्यावर शेवाळ सतत चढू पाहते. ते खरवडून खाणारे मासे, उदाहरणार्थ पोपटमासा, असले की प्रवाळाला उजेड आणि जागा मिळते. सिंहमासा या माळ्यांची पिलेच खाऊन टाकतो. बाग कुणी तोडत नाही. माळ्यांची मुले नाहीशी होतात आणि चार वर्षांनी तण माजते. बेलीझमध्ये तर एका छोट्याशा माशाची जात, जी जगात दुसरीकडे नाही आणि आधीच धोक्यात आहे, ती सिंहमाशाच्या आहाराचा मोठा भाग असल्याचे आढळले.

या पाहुण्याला खाणारे कोणी नाही का? शार्क आणि हेकरू (आमच्याकडे त्याला गोबरा म्हणतात) यांना सिंहमासे खायची सवय लावण्याचा प्रयत्न काही पाणबुड्यांनी करून पाहिला. भाल्यावर मासा टोचून शार्कच्या तोंडापुढे धरायचा. शार्कने तो खाल्लाही. पण तो त्यातून सिंहमासा शिकला नाही, पाणबुड्याच्या मागे मागे फिरायला शिकला! शिवाय मोठे हेकरू आहेत कुठे? कॅरिबियनमधल्या नासाउ हेकरूला माणसांनीच खाऊन दुर्मीळ करून ठेवले आहे.

मग उरले आपण. 'ज्याला कोणी खात नाही त्याला आपण खाऊ,' हा विचार तिथूनच आला. २०१० साली अमेरिकेच्या सागरी खात्याने 'सिंहमासा खा' अशी मोहीमच काढली. 'रीफ' नावाच्या संस्थेने २००९ मध्ये बहामात आणि २०१० पासून फ्लोरिडात मी पाहिल्या तशा स्पर्धा सुरू केल्या. त्याच संस्थेच्या लॅड एकिन्स यांनी ट्रिशा फर्ग्युसन या पाककलेतल्या जाणकार बाईंच्या जोडीने सिंहमाशाचे पाकपुस्तक काढले. एका जिवाला संपवावे म्हणून लिहिलेले दुसरे पाकपुस्तक माझ्या ऐकिवात नाही. कोलंबियात उपवासाच्या काळात मांसाऐवजी हा मासा खावा असे पाद्रीही सांगू लागले. फ्लोरिडाने या माशासाठी परवान्याची अट काढली, कितीही मारा म्हणून सांगितले आणि २०१४ मध्ये जिवंत सिंहमासा बाहेरून आणायला बंदी घातली. २०१६ पासून तिथल्या होल फूड्सच्या दुकानांत तो बर्फावर दिसू लागला. बेलीझच्या कोळणी छाटलेल्या परांची कर्णफुले करून पर्यटकांना विकतात, ते मला सगळ्यांत आवडले. कोलंबीची साले फेकताना मन खाणाऱ्या घरातला मी.

विषाचे काय? विष काट्यात असते, मांसात नव्हे. आणि काटा कापला, मासा शिजवला की प्रश्न मिटतो. फक्त काही ठिकाणी खडकांवरच्या सूक्ष्म वनस्पतींतून मोठ्या माशांच्या अंगात एक वेगळे विष साठते. ते शिजवूनही जात नाही. अशा भागातल्या सिंहमाशांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा देऊन ठेवलेला आहे. तिथल्या तांबोशीला आणि हेकरूलाही तोच इशारा लागू आहे.

आता मुद्द्याचे. खाऊन हा मासा संपेल का?

जेम्स मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली गणित मांडून सांगितले की सिंहमाशांची संख्या उतरणीला लावायची तर दर महिन्याला प्रौढ माशांपैकी सुमारे २७ टक्के मारले पाहिजेत. दर महिन्याला, बरे का. शेकडा २७ हा दर वर्षाचा असता तरी आमच्या काळी सावकारी म्हणून त्याच्यावर खटला भरला असता. आणि हे मासे जाळ्यात येत नाहीत, गळाला फारसे लागत नाहीत. माणसाने पाठीवर नळकांडे बांधून खाली जायचे आणि एकेकाला भाल्याने टोचायचे, हाच मार्ग. सिंहमासा हजार फूट खोलीवरही सापडतो. हौशी पाणबुडा सव्वाशे-दीडशे फुटांवर थांबतो. खाली जे आहेत ते आपले मुद्दल शाबूत ठेवून वर व्याज पाठवत राहतात. त्यातून अर्ध्या किलोच्या माशात स्वच्छ मांस निघते जेमतेम दीडशे ग्रॅम. पाणबुड्याला पौंडामागे पाच-सहा डॉलर मिळाले तरी होडीचे तेल, हवेची नळकांडी आणि जिवाची जोखीम वजा जाता हाती काय राहते, हा हिशेब मी त्या तंबूतच एका दाढीवाल्या शिकाऱ्याला विचारला. तो हसला आणि म्हणाला की मी सोमवार ते शुक्रवार वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो.

पण म्हणून हे सगळे सोंगच, असेही नाही. ग्रीन यांनीच २०१४ साली दाखवून दिले की सगळे सिंहमासे मारण्याची गरज नसते. एखाद्या खडकावरची संख्या एका मर्यादेखाली, म्हणजे पाऊण किंवा त्याहून जास्त भाग कमी करून, तशीच राखली तर दीड वर्षात तिथल्या छोट्या माशांचे वजन निम्म्याहून अधिक वाढते. म्हणजे कर्ज फिटत नाही, पण हप्ते वेळेवर भरले तर घर जप्त होत नाही. २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या डेस्टिन गावच्या दोन दिवसांच्या स्पर्धेत १४ हजारांवर मासे मारले गेले. त्या किनाऱ्यापुरता तरी तो मोठाच हप्ता होता. अर्थात तो एकदा भरून चालत नाही. गाडीत जावयाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बँकेतून निवृत्त झालात, पण बँक तुमच्यातून निवृत्त नाही झाली."

खरेच नाही झाली, आणि मनात जी गोष्ट खुपत होती तीही बँकेतलीच होती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या शाखेत अधिकारी होतो. मासेमारीचे यांत्रिकीकरण हा तेव्हा परवलीचा शब्द होता. ट्रॉलरसाठी, इंजिनासाठी, जाळ्यांसाठी मी प्रस्तावांमागून प्रस्ताव मंजूर केले. वसुली चांगली होती. सुरुवातीला मासळी इतकी लागत होती की लोक हप्ते मुदतीआधी भरत. माझ्या अहवालात त्याचा उल्लेख 'समाधानकारक' असा आहे, आणि पुढच्या बढतीत त्या शब्दाचा वाटा होता. तळ खरवडून काढणारी ती जाळी काय काय उचलून आणत होती हे मला दिसत नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. बंदरावर मी रोज संध्याकाळी फिरायला जात असे. बोटभर लांबीच्या पिलांचे ढीग खतासाठी जाताना पाहत असे. अर्जाच्या नमुन्यात 'समुद्रात मासे किती उरले आहेत' असा रकाना नव्हता, म्हणून मी तो कधी भरला नाही.

बऱ्याच वर्षांनी, मी मालवणला सुट्टीवर गेलो असताना, एका म्हाताऱ्या रापणकराने मला ओळखले. रापणीला आता शंभर माणसे ओढायला लागतात आणि बाहेर पडते दोन टोपल्या मासळी, असे तो सांगत होता. मध्येच थांबून म्हणाला, "सायबानू, कर्जा तुमी दिलात. आता मासो खंय गेलो तां पण तुमीच सांगा." त्यात राग नव्हता. म्हणून अधिक लागले. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले. त्यांच्या अंमलबजावणीवरून किनाऱ्यावर अजूनही भांडणे होतात. तो रापणकर ते पाहायला राहिला नाही.

त्यामुळे फ्लोरिडाच्या त्या तंबूत तळलेला तुकडा चघळताना माझ्या डोक्यात असे चालले होते की खाऊन मासा संपवणे माणसाला अशक्य आहे असे कोण म्हणते? कॅनडाच्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा आपण संपवत आणला. पाचशे वर्षे पुरलेला तो मासा इतका घटला की १९९२ च्या जुलैत सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो घरांची चूल थंडावली. अँड्र्यू वादळाच्या एकच महिना आधीची ही गोष्ट. संपवणे आपल्याला चांगले जमते. जे जाळ्यात थव्याने सापडते, ज्याला भाव आहे, ते आपण संपवतो. सिंहमासा यातल्या एकाही अटीत बसत नाही.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या घराजवळ आहे. उजनीच्या धरणाकाठी भिगवण-इंदापूरकडे ज्यांनी चिलापी खाल्ली असेल त्यांनी हे लक्षात घ्यावे की हा मासा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात आणला गेला, प्रथिनांची सोय म्हणून. पुढे तो नद्या-तलावांतून पसरला, देशी माशांना जड गेला. आणि आपण त्याला खाल्ला. किती वर्षे खातो आहोत! हमरस्त्यावर त्याच्या नावाच्या पाट्या आहेत, पुण्याहून लोक गाड्या काढून जातात. चिलापी संपली का? त्यावर कुटुंबे जगतात आणि उद्या ती खरोखर संपू लागली तर सगळ्यांत आधी आंदोलन तेच करतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. मागूरचा किस्सा याहून कडू. आफ्रिकेतून आलेला, लोक थाई मागूर म्हणतात तो खादाड मासा पाळायला भारतात २००० सालापासून बंदी आहे. तरी स्वस्त आणि झटपट वाढतो म्हणून चोरून तळी भरली गेली आणि आपल्या मत्स्य विभागाला ती तळी नष्ट करावी लागली. त्या माशाला इथे टिकवले ते खाणाऱ्यांनीच.

भाव मिळू लागला की माणूस काय करतो याची एक जुनी गोष्ट व्हिएतनाममधल्या हनोईची आहे. १९०२ साली तिथल्या फ्रेंच कारभाऱ्यांनी उंदीर मारणाऱ्याला शेपटीमागे बक्षीस लावले. शेपट्या ढिगाने जमा होऊ लागल्या, उंदीर कमी होईनात. मग रस्त्यांवर बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदराला सोडून देत होते, पुन्हा पिले होण्यासाठी! सिंहमाशाच्या बाबतीत असे कुठे झाल्याचे मी वाचलेले नाही, आणि इतक्या महाग शिकारीत ते परवडणारही नाही. पण हॉटेलवाला वर्षभराचा पुरवठा मागू लागला, की 'संपवा' म्हणणारा आणि 'पुरवा' म्हणणारा यांचे हितसंबंध एका टेबलावर बसतात, एवढे मला कर्ज-प्रस्ताव वाचून कळते.

आणि निसर्गानेही मध्येच आपला हात दाखवला. २०१७ साली मेक्सिकोच्या आखातात सिंहमाशांच्या अंगावर व्रण उठू लागले, खोल जखमा, मांस दिसेपर्यंत. रोगाचे कारण उलगडले नाही, पण त्या भागात त्यांची दाटी एकदम उतरली. मुलीच्या गावी जे दाढीवाले गृहस्थ मला भेटले ते म्हणत होते की मागच्या दोन वर्षांत खाली जाऊन रिकाम्या हाताने परत यायची वेळ येते. ते सांगताना त्यांचा चेहरा पडलेला होता! ज्याला संपवायला निघालो तो कमी झाला म्हणून उदास झालेला शिकारी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तिकडे पूर्वेला भूमध्य समुद्रात याच माशाचा दुसरा भाऊ सुएझच्या कालव्यातून शिरला आहे. २०१२ मध्ये तो लेबनॉनजवळ दिसला आणि लवकरच सायप्रसला स्थिरावला. तिथल्या खानावळीही आता तो वाढतात. १८६९ साली कालवा उघडला तेव्हा जहाजांची वाट जवळची झाली, एवढेच लोकांनी पाहिले.

प्रवाळांचे म्हणाल तर, सिंहमासा हा त्यांचा एकच शत्रू नव्हे, सर्वांत मोठा तर नव्हेच. २०१४ पासून मायामीच्या बाजूने एक रोग पसरला आणि दगडी प्रवाळांच्या वसाहतीच्या वसाहती पांढऱ्या पडल्या. २०२३ च्या जुलैमध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी मॅनाटी बे इथे समुद्राचे पाणी ३८ अंशांवर गेले. माणसाला इतका ताप आला तर आपण मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवतो. ज्या पोपटमाशाची पिले सिंहमासा खातो म्हणून आपण चिडतो, त्या पोपटमाशाला माणसेही वर्षानुवर्षे खात आली. बेलीझने २००९ साली त्यावर बंदी घातली तेव्हा कुठे ते थांबले. हे सगळे तंबूतल्या फलकांवर लिहिलेले नव्हते. तुकडा तोंडात घालायला हे सगळे माहीत असावे लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच लोक रांगेत उभे राहतात. मला विचाराल तर ते खाणे चूक नाही. जो पाणबुडा आठवड्याची सुट्टी खर्चून एका खडकावरचे ४० सिंहमासे काढतो, त्याने त्या खडकापुरते काम केलेलेच असते. फक्त त्याने समुद्राचा हिशेब चुकता झाल्याचे प्रमाणपत्र मागू नये, आणि आपण देऊ नये.

त्या दिवशी निघताना आम्ही चार साफ केलेले मासे विकत घेतले. मुलीच्या स्वयंपाकघरात ओला नारळ नव्हता, गोठवलेला होता. आमसुले मी मालवणहून नेली होती. दोन माशांचे कालवण केले, दोनांना रवा लावून तव्यावर टाकले. नात टेबलाशी उभी राहून पाहत होती. तिने शाळेत सिंहमाशाचे चित्र काढले होते आणि त्याखाली 'वाईट मासा' असे लिहून आणले होते. "आजोबा, हा वाईट आहे म्हणून आपण खातोय ना?" तिने विचारले. मी सांगितले की तो वाईट नाही, तो आपल्याकडचा आहे, चुकून इकडे आला. तिने थोडा विचार केला. "आईसारखा?" मुलीने हातातला डाव खाली ठेवला आणि आम्ही दोघेही हसलो. कालवणाला उत्तर द्यायचे राहूनच गेले. तिने मात्र दोनदा भात घेतला.

अलीकडे मुलीचा फोन आला तेव्हा मी सहज विचारले, की दुकानात सिंहमासा येतो का अजून. ती म्हणाली, बाबा, बरेच दिवसांत दिसला नाही. मी म्हटले, संपला म्हणून की परवडत नाही म्हणून, ते विचारून ठेव. पुढच्या रविवारी तिने विचारले. दुकानदार म्हणाला, वारा फार आहे, दोन आठवडे होड्या बाहेर गेलेल्या नाहीत.